जोडीची तिकिटं

५ जुलै, शनि.
बावधनला प्रशिक्षणाचा पहिला दिवस. नाव एका दमात वाचता येत नाही: 'वारसा संस्थांसाठी व्यवसाय व नेतृत्व प्रशिक्षण'. साधारण एक शनिवार आड, अशी सहा-सात सत्रं. अकरा संस्था आल्यात आणि त्यांत आमची सगळ्यात चिल्लर. भरे गावातली बंद पडलेली भाताची गिरणी, तिच्यात अप्पांनी गोळा केलेली लोकांची जुनी हत्यारं, आणि दर रविवारी भूगावच्या फ्लॅटमधून उठून तिथे झाडलोट करणारी, पाहुण्यांना फिरवणारी मी. झाली संस्था. बाकीच्यांना शिपाई आहेत. एकांकडे तर चक्क लोगो होता.

शिकवणाऱ्या शलाकाताई बऱ्या वाटल्या. पाल्हाळ नाही. शेवटी सगळ्यांना कोरा कागद दिला. वर एकच प्रश्न: तुमच्या संस्थापकांनंतर कोण? सगळे खाली मान घालून लिहायला लागले. मी कागद चार घड्या करून पर्समध्ये टाकला. उत्तर माहीत होतं. लिहायची लाज वाटली.

६ जुलै, रवि.
अप्पांना सांगितलं. हसले. "मंजी आता तू मला शिकवनार व्हय गं पोरी?" म्हटलं, तुम्हाला नाही, मलाच शिकवतायत.

पंचाहत्तरी ओलांडलीय त्यांनी. जन्मभर एसटीत कंडक्टर. मुळशीच्या आतल्या गावांना जाणारी गाडी. लोक अडगळीत पडलेली वस्तू गाडीवर टाकून द्यायचे, "अप्पा, तुमच्याकडं राहू द्या, हितं वाळवी लागती." तिथून हे सगळं. मुलगा हिंजवडीला, त्याला हे भंगार वाटतं. तो तोंडावर म्हणतो, निदान खोटं तरी बोलत नाही.

आज गावातलंच एक जोडपं धान्य मोजायची पायली घेऊन आलं. अप्पांनी नेहमीसारखे तीन प्रश्न विचारले. कुनाच्या हातातली? शेवटची कवा वापरली? न्यायला कवा येनार? तिसऱ्याला लोक हमखास हसतात आणि म्हणतात, खंडेनवमीला. कारण त्या दिवशी सगळे येऊन आपापल्या हत्याराची पूजा करतात, नारळ फोडतात, आणि वस्तू परत तिथेच ठेवून जातात. मग अप्पांनी डब्यातून दोन रंगीत तिकिटं काढली (पौडच्या छापखान्यातून जुन्या एसटीसारखी छापून घेतलेली), एकावर एक धरली आणि आपल्या कंडक्टरकीच्या जुन्या चिमट्याने दोन्हींना एकदमच भोक पाडलं. कट्. एक तिकीट पायलीला बांधलं, एक त्या बाईच्या हातात. तिने ते पदराच्या टोकात बांधलं. घरी गेल्यावर देव्हाऱ्यात ठेवणार, सगळे ठेवतात.

तो आवाज मला फार आवडतो. कट्.

१९ जुलै, शनि.
आजचं सत्र: मालकी. संग्रहातली वस्तू कुणाची, कशावरून? प्रत्येकाने उभं राहून सांगायचं. एकांनी जाडजूड नोंदवही काढली. एकांचं सगळं कॉम्प्युटरवर. माझी पाळी आली तेव्हा म्हणाले, आमच्याकडे लेखी काहीच नाही, सगळं विश्वासावर. सगळे कौतुकाने हसले, पण मला ओशाळल्यासारखं झालं.

ऑगस्टअखेर अर्जासोबत मालकीचे कागद दिले, तर गिरणीच्या छपराच्या दुरुस्तीला मदत मिळेल. पश्चिमेची बाजू झुकलीय. हे पत्रे अजून दोन पावसाळे काढतील असं वाटत नाही, आणि अप्पांचे गुडघेही.

शलाकाताई: "साध्या कागदावर दानपत्र करा. पण आधी घरोघर बसा, बोला. घाई नको, मुदत चुकली तर चुकू दे." वहीत उतरवून घेतलं. 'मुदत'खाली दोन रेघा मारल्या. बाकीच्याखाली नाही.

२० जुलै, रवि.
अप्पा: "कागद कशाला? तिकीट हाय की."
मी हसले.

२ ऑग., शनि.
संग्रह धोरण. म्हणजे काय घ्यायचं आणि काय नाही. मी झोकात लिहिलं: 'मुळशी तालुक्यातील भातशेतीची व गावगाड्याची हत्यारे.' शलाकाताईंनी पाठ थोपटली. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं की माझ्या धोरणात माझ्याच बाबांची कात्री बसत नाही.

बाबा अंबाजोगाईत शिंपी होते. ते गेले तेव्हा मी हिंजवडीत ऑफिसच्या कामात अडकलेली, तिसऱ्या दिवशी पोचले. मशीन भावाने तोवर भंगारवाल्याला दिलं होतं. कात्री पोत्यातून मी ओढून काढली. अंगठ्याच्या कडीला बाबांनी गुंडाळलेली चिंधी तशीच होती. दोन वर्षं ती कपाटात साड्यांच्या खाली. पहिल्यांदा भरेला गेले तेव्हा भीतभीत अप्पांना दाखवली. म्हटलं, ही इथली नाही, शेतीचीही नाही. त्यांनी चिंधीवर बोट फिरवलं. "हत्यार हाय न्हवं? हात लागल्याला हाय न्हवं? मग बसतंय." आणि कट्. तोवर मला 'मॅडम' म्हणत होते, त्या दिवसापासून 'पोरी'. माझं तिकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. भावाशी मी तेव्हापासून बोललेली नाही.

धोरण बदललं नाही. कात्रीपुरता अपवाद, असं मनात ठरवलं.

६ ऑग., बुध.
दानपत्राचा मसुदा झाला. वीस वर्षं ऑफिसात करारनामेच तपासतेय, साधा कागद मला उघड्या अंगाचा वाटतो. स्टांप पेपरवर घेतला. 'सदर वस्तूवरील माझा व माझ्या वारसांचा सर्व हक्क सोडून देत आहे.' चोख झालाय. स्वतःवर खूश.

१० ऑग., रवि.
अप्पांचा गुडघा सुजलाय, म्हणून एकटीच घरोघर फिरले. भरे, मग परत येताना भूगाव. चहा सगळ्यांनी दिला. कागद कुणी हातात धरला नाही. "ठेवा तिकडं." "पोरगा आल्यावर बघतो." "आज अमुश्या हाय का ओ?" अमावस्या नव्हती, कालच राखीपौर्णिमा झाली.

शेवटचं घर शेवंताबाईंचं, भूगावात. त्यांच्या सासूचं इरलं आपल्याकडे आहे, लावणीला पावसात अंगावर घ्यायचं, पानांचं. गिरणीतली सगळ्यात देखणी वस्तू. बाईंनी कागद हातात घेतला, पण वाचायला नाही. वरचा शिक्का बोटाने चाचपला.
"आमच्या मालकांनी बी असाच अंगठा दिला व्हता. यजंट म्हनला नुसतं नावाला हाय."
मी म्हटलं, हे तसं नाही मावशी.
"तुमी ऱ्हाता ती बिल्डिंग. गेटापाशी कुत्री बसत्यात न्हवं? तितं आमची हीर व्हती."
कागद परत दिला. दारापर्यंत पोचवायलाही आल्या. मी समोरच्या टपरीवर बसून राहिले.

एकही सही नाही.

१५ ऑग., शुक्र.
हे लिहायलाच नको, पण लिहिते.

झेंडावंदन उरकून गिरणीत गेले. अप्पा बाकावर बसलेले, माई (त्यांची बायको) उंबऱ्यात लसूण सोलत होत्या. दहाच्या सुमारास पायलीवाली आली. पदराची गाठ सोडली, तिकीट पुढे केलं. "अप्पा, पायली द्या."
अप्पा उठले. पायलीचं तिकीट सोडलं, बाईच्या तिकिटावर ठेवलं, उजेडाला धरलं. भोकातून भोक दिसलं. पायली दिली. का नेतेस, एवढंही विचारलं नाही. ती माझ्याकडे न बघता गेली.

मग नांगराचं घर आलं. मग विळ्यांचं. संध्याकाळपर्यंत सात जण. प्रत्येकाच्या हातात तिकीट, कुणाचं हळदीने पिवळं झालेलं. शेवंताबाई नातवाच्या स्कूटरवर आल्या. इरलं डोक्यावर घेऊन मागे बसल्या. वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत अप्पा बघत होते.

माई मला आत बोलावून म्हणाल्या, "लोक म्हनत्यात मॅडमला बिल्डरनं पाठवलंय. आधी वस्तू लिवून घ्यायच्या, मग गिरनीची जागा. मी म्हनलं, न्हाई वो, साधी बाई हाय ती."
साधी नाही माई. मूर्ख.

१६ ऑग., शनि.
प्रशिक्षणाला जाणारच नव्हते. गेले. शलाकाताईंना सगळं सांगितलं. त्यांना आधी समजेना, कसली तिकिटं? मग मी पर्समधून माझं काढून दिलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. जोडीचं दुसरं वस्तूला असतं, दोन्हींना एकदम भोक पाडतात, कुणीही तिकीट आणून वस्तू परत मागू शकतो, हे सांगता सांगता माझाच आवाज खाली खाली गेला.

मग म्हणाल्या, "सुनंदा, तुम्ही उभ्या राहून म्हणालात, लेखी काहीच नाही."
"हो."
"अहो, ही नोंदवही आहे. मालकी त्यांची, सांभाळ तुमचा, आणि दोन्ही बाजूंना पुरावा. हेच मला दाखवलं असतं तर मी हेच लावून दिलं असतं अर्जाला."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. चार वर्षं तो आवाज ऐकतेय मी. आवडतो म्हणत होते. एकदाही विचारलं नाही की अप्पा, हे कशासाठी?

१७ ऑग., रवि.
अप्पांची माफी मागितली. पाया पडले. ते पाय मागे घेतात नेहमी, आज घेतले नाहीत. मग बोलले, माझ्याकडे नाही, समोरच्या रिकाम्या खुंटीकडे बघत.

"तिकीट फाडलं की शीट त्याची. मग ऊन असू दे, पाऊस असू दे, गाडी फेल होऊ दे. मदीच उतर म्हनायचं न्हाई. मी कंदी म्हनलो न्हाई कुनाला."
मग: "तू समद्यांना उतर म्हनलीस."

मी म्हटलं, अप्पा, मला तुमच्यानंतर हे टिकवायचं होतं. ते म्हणाले, "मला ठावं हाय." त्यांना ठाऊक आहे, हे जास्त लागलं.

२४ ऑग., रवि.
ज्या घरांत कागद नेले त्या सगळ्या घरांत परत गेले, कागद फाडून दाखवायला. काही दारं उघडली नाहीत. आत टीव्ही चालू होता. एका घरातल्या म्हाताऱ्याने बोलावलं, पाणी दिलं. "तुमी फाडला त्यो कागुद. झेराक्स आसंल की तुमच्याकडं." ऑफिसच्या सवयीने काढलीच होती मी झेरॉक्स. घरी येऊन तीही फाडली.

३१ ऑग., रवि.
मुदत संपली. गौरी आल्यात आज, सगळीकडे हळदीकुंकू. मला कुणाचं बोलावणं नाही. दरवर्षी माईंचं असतं.

७ सप्टें., रवि.
गणपती गेले. गिरणीपाशी टेम्पो उभा. मला वाटलं काहीतरी नवीन आलं. अप्पा उरलेल्या वस्तू चढवत होते. गुडघ्याला पट्टा, तरी स्वतः. म्हणाले, "मागायला यायची लाज वाटती मान्सांला. मंग मनात आढी धरून बसत्यात. आपनच पोचवू." जुन्या गाडीचाच मार्ग धरणार. ज्या थांब्यावर वस्तू चढली त्याच थांब्यावर उतरवणार.

मी पुढचं दार उघडून चढायला गेले.
"तुमी नगा येऊ, मॅडम."

मी खाली उतरले. इतकी वर्षं 'पोरी', आणि आज. आवाजात रागही नव्हता. पाठ फिरवून निघालेल्या टेम्पोत भाताचं उखळ डुगडुगत होतं, कुणीतरी धरून बसायला हवं होतं.

१४ सप्टें., रवि.
दुपारी गेटवरून वॉचमनचा फोन. "मॅडम, कोई बुड्ढे बाबा आए हैं, टेम्पो लेके."
धावत खाली जायला निघाले तोवर ते वर आले होते, जिना चढून. धाप लागलेली. हातात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली कात्री.

"या ना अप्पा, बसा."
"तिकीट?"
"अप्पा, माझं राहू द्या. मी कागद मागितला नव्हता माझ्या कात्रीचा. मला परत नकोय."
"समद्यांचं दिलं. तुमचं ठिवून कसं चालंल? लोक काय म्हनतील?"

उभेच राहिले. मीही पर्स आणायला जात नव्हते. शेवटी त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि गेले. त्यांनी माझं तिकीट कात्रीच्या तिकिटावर ठेवलं, दारातल्या उजेडाला धरलं. भोकातून त्यांचा डोळा दिसला मला, पाण्याने भरलेला. मग दोन्ही तिकिटं बरोबर मधोमध फाडून खिशात घातली. पाणी घेतलं नाही. ते जाताना मी बाल्कनीतून पाहिलं, गेटापाशी कुत्री बसतात तिथे क्षणभर थांबले, जमिनीकडे बघत. मग टेम्पोत बसले.

बाबा गेले तेव्हा मी तिथे नव्हते. आज होते. त्याने काही फरक पडला नाही.

२० सप्टें., शनि.
प्रशिक्षण संपलं. प्रमाणपत्र, गुलाब, ग्रुप फोटो. पहिल्या दिवशीचे कागद वाचून दाखवायचे होते, 'तुमच्या संस्थापकांनंतर कोण?' माझा पर्समध्येच होता, चार घड्यांचा. उलगडला. कोरा. म्हणाले, आमच्या संस्थेत आता एकही वस्तू नाही, तेव्हा प्रश्न मिटला. कुणीतरी हसलं, विनोद समजून. शलाकाताई नाही हसल्या. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, या सत्रात मी इथून पुढे ते तिकीट दाखवणार आहे. म्हटलं, फाडलं ते.

२८ सप्टें., रवि.
माईंचा फोन. घट बसल्यापासून पहिलाच.

"रोज जात्यात तितं. कुलूप काढायचं, झाडायचं, नि रिकाम्या भिंतीकडं बघत बसायचं. जेवत न्हाईत धड. काल मला इचारलं, खंडेनवमीला कोन येनार गं आता? मी काय सांगू?"
मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलतात का?
"न्हाई."
मग जरा थांबून, "तू रविवारी बसतीस त्या बाकावर मला बसू देत न्हाईत."

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
ऑफिसला रजा टाकली. फडक्यात कात्री घेतली आणि भरेला गेले.

दरवर्षी या दिवशी गिरणीबाहेर चपला ठेवायला जागा नसते. आज एकच जोड. आत भिंतीवर नांगराचा, इरल्याचा, पेरणीच्या पाभरीचा आकार राहिलाय, तेवढाच भाग कमी मळलेला. मधोमध पाट मांडलेला. पाटावर एकच वस्तू, अप्पांचा चिमटा. त्याला हळदकुंकू, झेंडूचं एक फूल. समोर अप्पा.

जन्मभर दुसऱ्यांची हत्यारं मांडली त्यांनी इथे. स्वतःचं कधी मांडलं नव्हतं, ते खिशातच असायचं.

काय बोलायचं ते बसमध्ये घोकलं होतं, सगळं विसरले. फडकं सोडलं आणि कात्री पाटावर चिमट्याच्या शेजारी ठेवली. म्हटलं, माझ्या वडिलांच्या हातातली. ते गेले त्या आठवड्यापर्यंत वापरत होते. न्यायला मी येणार नाही, कधीच नाही.

त्यांनी विचारलंच नव्हतं. मीच तिन्ही उत्तरं देऊन मोकळी झाले.

त्यांनी करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि कात्रीला लावलं. चिंधीला लागणार नाही असं, जपून. धीर करून म्हटलं, अप्पा, तिकीट?

"आज हत्यार उचलत न्हाईत, मॅडम."

हो, आज उचलत नाहीत. चिमटा पूजेत होता. मला माहीत आहे ते, माझे बाबा या दिवशी गिऱ्हाइकाचं साधं बटणही लावून देत नसत. मी मान डोलावली. माईंनी दारातून खुणेने चहा विचारला, मी नको म्हटलं. थोडा वेळ जमिनीवरच बसले, बाकावर नाही, मग उठले. त्यांनी थांब म्हटलं नाही. जा म्हटलं नाही. 'उद्या' हा शब्द तर दोघांपैकी कुणीच उच्चारला नाही.

साडेपाचची बस सोडली. सहाची घेतली. वळणावर खिडकीतून वाकून पाहिलं, दार उघडंच होतं.

घरी आल्यावर सवयीने पर्सचा आतला कप्पा चाचपला. कात्री त्यांच्याकडे आहे आणि माझ्याकडे तिकीट नाही.